पोशेऱ्याच्या पाड्यावर यमू बोलली

जव्हारला जाऊन आले असं सांगितलं की नाशकातल्या बायका आधी वाघाचं विचारतात. वाघ मला दिसला नाही. एका सकाळी ओढ्याकाठच्या चिखलात त्याचं पाऊल गाडीवानाने दाखवलं, तेवढंच. मग विचारतात राजवाड्याचं. तो मी बाहेरून पाहिला. त्यानंतर विचारतात की मग महिनाभर तिथे केलंस तरी काय, आणि इथे मी आजवर गप्प बसत आले. एका डोंगरातल्या बाईचा मला विलक्षण हेवा वाटला आणि त्या महिन्यातले बहुतेक दिवस त्या हेव्यातच गेले, हे तोंडाने सांगायला जड जातं. लिहायला त्यामानाने सोपं आहे, म्हणून लिहिते.

माझी मुलगी यमू तेव्हा नऊ वर्षांची होती. दीड वर्षाची असताना तिला मोठा ताप आला आणि तापाबरोबर तिचे कान गेले. ऐकू येत नाही म्हणून बोलणंही आलं नाही. आळीतले लोक तिला मुकी म्हणत. माझ्यासमोर मी ते कुणाला म्हणू देत नसे. मुंबईच्या एका बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या मास्तरांनी मला पत्रातून शिकवायची एक रीत कळवली होती. मुलाला समोर बसवायचं, आपल्या ओठांकडे बघायला लावायचं, त्याचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा आणि एकेक अक्षर त्याच्याकडून काढून घ्यायचं. हातवारे मात्र अजिबात करू द्यायचे नाहीत, नाहीतर मूल आळसावतं आणि तोंड उघडत नाही, असं त्यांनी दोन पत्रांत बजावलं होतं.

चार वर्षं मी रोज सकाळी यमूला आरशासमोर घेऊन बसले. ‘प’ म्हणताना पुढ्यातल्या मेणबत्तीची ज्योत हलली पाहिजे. ‘क’साठी तिच्या जिभेचा शेंडा मी बोटाने दाबून धरत असे. तिची नजर ढळली की हनुवटी धरून तोंड माझ्याकडे वळवायचे. चार वर्षांत ती अकरा शब्द बोलायला शिकली, आणि ते माझ्याशिवाय कुणालाही कळत नसत. लिहायला मात्र तिचा हात चांगला होता. घरातल्या बहुतेक वस्तूंची नावं ती पाटीवर वळणदार काढी.

यांची, म्हणजे माझ्या यजमानांची, नेमणूक त्या वर्षी जव्हार संस्थानात रस्त्याच्या कामावर ओव्हरसियर म्हणून झाली होती. दिवाळीनंतर यांचं पत्र आलं. हुजूर कचेरीत एक वयस्क गृहस्थ आहेत, त्यांची मुंबईच्या शाळेतल्या मंडळींशी ओळख आहे, त्यांना यमूला दाखवू, त्यांचा शब्द पडला तर शाळा तिला ठेवून घेईल, असा मजकूर. ठेवून घेईल म्हणजे यमू माझ्यापासून दूर मुंबईत राहणार. मला खरं सांगायचं तर तिने त्या गृहस्थांपुढे अकराही शब्द म्हणावेत आणि त्यांनी म्हणावं की बाई, हिला शाळा कशाला हवी, तुम्हीच शाळा आहात. हे ऐकण्यासाठी मी निघाले.

त्र्यंबकच्या पुढे

त्र्यंबकपर्यंतची वाट पुष्कळांच्या पायाखालची असल्यामुळे तिचं काही सांगत नाही. तिथे आम्ही महादू नावाच्या गाडीवानाची गाडी केली. पन्नाशीचा, बोलका, बैलांना शिव्या न देणारा माणूस. त्र्यंबक सोडलं की देश संपतो. घाटातून उतरू लागलो की दोन्ही बाजूंना साग आणि ऐन, मधूनच दरी उघडते आणि डोंगरामागे डोंगर निळे होत गेलेले दिसतात. उतारावर नागली कापून पेंढ्या बांधून ठेवल्या होत्या. आपण जिला नाचणी म्हणतो ती इथे नागली. भात खाली खाचरात, नागली वर डोंगरावर, आणि माणसं दोन्हींच्या मध्ये चढत-उतरत.

मोखाड्याला आम्ही धर्मशाळेत उतरलो. मोखाडा खालसात, इंग्रजी अमलात, आणि तिथून पुढे संस्थानाची हद्द लागते. माणसांच्या चेहऱ्यांवरून ते काही कळत नाही. धर्मशाळेजवळच्या म्हातारीने नागलीची भाकर आणि उडदाची आमटी दिली. काळी भाकर पाहून यमूने तोंड फिरवलं. मी ‘खा’ असं ओठांनी तीनदा म्हटलं. तिने ताट सरकवलं. म्हातारीने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून स्वतःच्या तोंडात टाकला आणि डोळे मिटून मान डोलावली. यमू हसली आणि तिने भाकर ओढून घेतली. मला ते आवडलं नाही. तेव्हाच जरा सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पोशेरा मागे टाकून आम्ही चढाला लागलो आणि एका खडकावर चाक आपटलं. मोठा आवाज झाला, गाडी एका अंगावर कलली, डब्यातले लाडू रस्त्यावर गडगडत गेले. महादू खाली उतरून वाकला आणि उठला तो कपाळाला हात लावूनच.

“बाई, चाकाचा आस गेला. मधोमध.”

“आता?”

“मोखाड्याला सुतार आहे. कापणीच्या दिवसांत तो जागेवर सापडला म्हणजे बरं. वर त्या उंबराच्या पाड्यावर बसा तुम्ही. माणसं गरीब आहेत, पण काही करणार नाहीत.”

उंबराचा पाडा

दहा-बारा कुडाची घरं, शेणाने सारवलेली, आणि मधे नागली झोडायचं खळं. आम्ही पोचलो तेव्हा यमू गाडीच्या दणक्याने घाबरून ओरडत होती. तिचं ओरडणं वेगळं असतं. तिला ते स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे आवाज भलतीकडे जातो. नाशकात असं झालं की लोक उभे राहून बघतात, आणि मी तिच्या तोंडावर पदर धरते. इथे खळ्यावरच्या बायकांनी एकदा बघितलं आणि पुन्हा झोडायला लागल्या.

एक बाई मात्र पुढे आली. माझ्याच वयाची, नाकावर जुना व्रण, कमरेला आखूड लुगडं खोचलेलं. तिचं नाव लखी. तिने यमूकडे नीट पाहिलं, मग जमिनीवर दोनदा धप्पकन पाय आपटला. जमिनीच्या हादऱ्याने यमूचं ओरडणं थांबलं आणि ती वळून लखीकडे बघू लागली.

“तुझे पोरीला ऐकू येत नाय,” लखी मला म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

अनोळखी बाईने मला ‘तू’ म्हणावं याची मला सवय नव्हती. इथे सगळे सगळ्यांना तूच म्हणतात, अगदी फौजदारालासुद्धा, हे मला नंतर कळलं.

“आमचे घरात पण दोघं आहेत,” ती म्हणाली. “सासरा आणि माझी पोर. सासऱ्याची आईस तशीच होती. या घरात मधून मधून एक येतंच तसं.”

ओट्यावर तिचा सासरा टोपली विणत बसला होता. त्याने यमूला पाहिलं, स्वतःच्या कानाला हात लावून बोट झटकलं, मग तिच्या कानाकडे बोट केलं आणि बोळक्या तोंडाने हसला. जणू दोघं एकाच गावची निघाली. त्याच्याजवळ यमूएवढीच एक मुलगी शेंगा सोलत होती. ती बुधी, लखीची मुलगी. बुधीने हात हलवले, म्हाताऱ्याने विणता विणता एका हाताने उत्तर दिलं, मग लखीने, आणि रस्त्याने डोक्यावर भारा घेऊन चाललेल्या एका बाप्यानेसुद्धा थांबून हातानेच काहीतरी घातलं त्यात. सगळी हसली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या पाड्यावर दोनच माणसं बहिरी होती, पण हाताने बोलत सगळीच होती.

मी यमूला जवळ ओढून घेतलं. हातवाऱ्यांची सवय लागायला नको, हा माझा पहिला विचार.

महादू त्या दिवशी परत आला नाही, दुसऱ्याही दिवशी नाही. यमूला मी किती वेळ धरून ठेवणार? दुसऱ्या सकाळी ती बुधीच्या मागे ओढ्यावर गेली. दुपारी परत आली तेव्हा तिला बोटं पाडून पाऊस करता येत होता, मुठीने तळहातावर घासून नागली दळता येत होती. उद्या म्हणजे तळहातावर गाल टेकून एक झोप पुढे, आणि काल म्हणजे तीच झोप खांद्यावरून मागे टाकायची. चार वर्षं मी तिला ‘उद्या’ हा शब्द शिकवत होते. तिला तो म्हणता येई. त्याचा अर्थ तिला त्या दुपारी कळला असावा, कारण ती पुन्हा पुन्हा गाल टेकून माझ्याकडे बघत होती. मी ओठ हलवून ‘उद्या’ म्हटलं. तिने नजर बुधीकडे वळवली.

लखीने आम्हाला आपल्या घरातला अर्धा भाग मोकळा करून दिला होता. सकाळी तांदळाची पेज, दुपारी भाकर आणि रानातल्या कंदाची भाजी. ती जेवायला वाढी तेव्हा यमूला आधी वाढी, आणि यमू तिच्याकडे अशी बघे की मी मान खाली घालून जेवत असे. नऊ वर्षांत माझ्या मुलीने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. माझ्याकडे ती बघे ती परीक्षेला बसल्यासारखी.

चौथ्या दिवशी दुपारी लखी आणि यमू ओट्यावर बसल्या होत्या. यमूचे हात झपाझप चालले होते. अडलं की ती थांबे, काही खूण स्वतःच बनवी, लखी मान हलवी. बऱ्याच वेळाने लखी माझ्याकडे वळली.

“तुझे घरी मांजर होतं का, पांढरं?”

“होतं. दोन वर्षं झाली, कुठेतरी निघून गेलं.”

“नाय गेलं. विहिरीत पडलं. हिने बघितलं. तुला सांगायला धावत आली. तू हात धरलेस म्हणते. मग ती परत गेली तर पाण्यात हालत नव्हतं.” लखीने नागलीतला खडा वेचून टाकला. “तवापासून विहिरीकडं जात नाय म्हणते. भ्या वाटते.”

मला तो दिवस आठवला. यमू परसातून धावत आली होती, दोन्ही हात हवेत फिरवत. मी तिचे हात खाली धरले होते आणि सांगितलं होतं, तोंडाने सांग. तिने तोंड उघडलं आणि तिच्याजवळ असलेल्या शब्दांपैकी एक काढला, ‘पाणी’. मी शाबासकी दिली आणि तांब्याभर पाणी आणून दिलं. त्यानंतर ती विहिरीजवळ जायला नकार देई म्हणून मी तिला हट्टी म्हटलं, दोनदा मारलंही.

मी ते लखीला सांगितलं नाही. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग, आणि तो लखीचा. माझ्या पोटच्या पोरीने दोन वर्षं मनात धरलेली गोष्ट हिला चार दिवसांत सांगितली होती, आणि ही ती खडे वेचता वेचता मला सांगत होती.

संध्याकाळी मी तिला विचारलं, “तुमच्यात प्रत्येक माणसाची खूण असते ना? माझी काय आहे?”

लखीने विचारलं, “पोरीने ठेवली ती?”

“हो.”

तिने अंगठा आणि बोट आपल्या हनुवटीला लावलं आणि चिमटीत धरून मान वळवली.

पाचव्या दिवशी महादू नवा आस घेऊन आला. मी तासाभरात सामान बांधलं. यमू बुधीच्या गळ्यात पडली, तिला मी दंडाला धरून गाडीत चढवलं. लखीने वाटेसाठी उकडलेले कंद पानात बांधून दिले. ते मी चढ संपायच्या आत महादूला देऊन टाकले. त्याने मीठ लावून चवीने खाल्ले आणि फार गोड आहेत असं मला सांगितलं.

जव्हार

जव्हार उंचावर आहे. हवा थंड, माती तांबडी, गाव लहान, आणि गावाच्या कडेला जाऊन उभं राहिलं की खाली नुसत्या दऱ्या. बाजारपेठ एक, तीत मीठ, कापड आणि लोखंडी विळे जास्त. डोंगरातली माणसं मधाची गाडगी आणि डिंक घेऊन येतात आणि मीठ घेऊन जातात. पेठेतल्या दुकानदारांची बोली गुजरातीकडे झुकलेली, कचेरीतल्या लोकांची पुण्याकडे. यांचं बिऱ्हाड कचेरीच्या मागे होतं. दोन खोल्या, पुढे पेरूचं झाड.

पोचल्यावर चौथ्या दिवशी ते वयस्क गृहस्थ आले. शांत, सभ्य माणूस. त्यांनी यमूसाठी खडीसाखर आणली होती. मी तिला समोर उभी केली आणि ओठांनी म्हटलं, ‘आई’. यमूने तोंड मिटून घेतलं. ‘पाणी’. नाही. ‘बाबा’. तिने यांच्याकडे पाहिलं आणि हातांनी विचारलं की बुधीकडे कधी जायचं. दोन वेण्या असलेली यमू, कपाळाला गोंदण असलेली बुधी, एक झोप पुढे का, दोन झोपा. मला ते तेवढं कळलं आणि माझं डोकं फिरलं. मी तिची दोन्ही मनगटं धरली आणि तिच्या कमरेशी दाबून ठेवली. ती सुटायला बघत होती. मी सोडलं नाही.

गृहस्थांनी खडीसाखरेची पुडी बाजूला ठेवली. “मुलगी हुशार दिसते,” ते म्हणाले. “मी शाळेला लिहितो. हातवाऱ्यांची काळजी करू नका. ती सवय तिथे मोडतात.”

ते गेल्यावर मी हात सोडले. मनगटांवर माझी बोटं उमटली होती. यमूने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

ऐकू येणाऱ्या मुलाने कान झाकले तरी आपण ओरडून सांगू शकतो. यमूने डोळे मिटले की तिला काहीही सांगायचा मार्गच नसतो. पुढचे दोन दिवस मी समोर आले की ती डोळे मिटी. जेवताना, वेणी घालताना, आरशासमोर. यांच्यापुढे उघडे ठेवी.

तिसऱ्या दिवशी हे आम्हाला शिरपामाळावर घेऊन गेले. शिवाजी महाराजांचा मुक्काम तिथे पडला होता असं सांगतात. मोकळा, गवताळ माळ आहे आणि वारा असा की पदर सांभाळता येत नाही. यमू लांब कड्याच्या बाजूला गवताचे तुरे तोडत होती. तिथे मी यांना मांजराची गोष्ट सांगितली, अगदी तांब्याभर पाण्यापर्यंत.

“मग आता?” यांनी विचारलं.

“मला त्या पाड्यावर परत जायचंय.”

“त्या बाईकडे? तिचं नाव काढलं की तुझा चेहरा बदलतो.”

“बदलू दे. यमूचं बोलणं तिला कळतं आणि मला कळत नाही. मला ते शिकायचंय. दुसरं कोण शिकवणार?”

“आणि मुंबई?”

“ते म्हणाले ना, सवय मोडतात. ती एवढं एकच काहीतरी बोलायला शिकलीय. ते कुणी मोडायला मी पाठवणार नाही.”

यांनी यमूकडे पाहिलं. मग म्हणाले, “मी त्यांना सांगतो तसं. वाईट वाटेल त्यांना.” एवढंच. तेवढ्यापुरता यांचाही मला हेवा वाटला, कारण यमू धावत आली ती यांच्याकडे, आणि तुरे दिले तेही यांनाच.

पुन्हा पाड्यावर

लखीने मला पाहून काही विशेष आश्चर्य दाखवलं नाही. “आलीस,” म्हणाली, आणि झोडायची काठी माझ्या हातात दिली. शिकायचं तर हात रिकामे ठेवून बसायची तिथे पद्धत नाही.

मी वाईट विद्यार्थिनी होते. नागली दळायला जावं तर पाऊस पडे, काल म्हणावं तर उद्या होई. म्हातारा मला बघून टोपली बाजूला ठेवून हसायचा. एकदा मी बुधीला जेव म्हणून सांगितलं आणि पाड्यावरची सगळी पोरं हसून लोळायला लागली. मी काय सांगितलं होतं ते लखीने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. यमू पहिले दोन दिवस लांबून बघत होती, डोळे उघडे ठेवून. तिसऱ्या दिवशी ती आली, माझ्यासमोर बसली आणि माझी बोटं एकेक करून नीट वाकवली. जोरात, चुकलं की चापट. मी चार वर्षं तिला जसं शिकवलं तसंच ती मला शिकवत होती. मला दुखलं आणि मी हात काढून घेतला नाही.

हेवा मात्र गेला नव्हता. यमूला काटा टोचला की ती लखीकडे जाई. गंमत घडली की आधी लखीला सांगे, मग मला, आणि मला सांगताना सावकाश, बाळबोध, जसं आपण परक्या मुलखातल्या माणसाशी बोलतो. मी रात्रंदिवस मनात हिशेब ठेवी की आज ती कितीदा तिच्याकडे गेली.

एका सकाळी यमूने चुलीतला कोळसा घेतला आणि ओट्यावर ‘बुधी’ असं लिहिलं. बुधीकडे बोट केलं, अक्षरांकडे बोट केलं. लखी पाण्याची घागर घेऊन येत होती. ती थांबली.

“हे काय काढलंय?”

“बुधीचं नाव,” मी म्हटलं. “वाचणारा कुणीही हे बघून बुधी असंच म्हणेल.”

“मोखाड्याचा माणूस पण?”

“मोखाड्याचा, नाशकाचा, कुठलाही.”

लखीने घागर उतरवली. कोंबड्या येऊन अक्षरं विस्कटतील म्हणून तिने त्यांवर टोपली पालथी घातली. मग माझ्याजवळ बसली.

“तू पहिल्यांदा आलीस तवा तुझे पोरीची पाटी बघितली,” ती म्हणाली. “मला तुझा लय राग आला.”

“माझा? कशाला?”

“माझी पोर पाड्यावर बोलते. पाड्याबाहेर तिचा हात कोण ओळखेल? दोन-तीन वर्षांनी लगीन होईल, दुसरे गावाला जाईल. तिथं ती मुकीच. तुझी पोर कुठं पण जाईल, पाटी काढेल, सांगेल. माझे मनात आलं, हिला एवढं दिलंय आणि ही वर आपले पोरीला माझे पोरीपासून हाताला धरून बाजूला ओढते.”

मला बरं वाटलं, हे मी कबूल करते. इतके दिवस मी जिच्यावर जळत होते ती माझ्यावर जळत होती. तो आनंद फार वेळ टिकला नाही, कारण लखी बोलून झाल्यावर टोपलीकडे बघत बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. बुधीच्या लग्नाचा विचार मी एकदाही केला नव्हता. मला यमूपलीकडे काही दिसतच नव्हतं.

पुढचे नऊ दिवस सकाळी मी बुधीला शिकवलं आणि दुपारी लखीने मला. बुधीला शिकवताना तिची हनुवटी धरायची मला गरज पडली नाही. यमू शेजारी बसून अक्षरांचा अर्थ हातांनी सांगे, आणि बुधी ते घटाघटा पिई. नऊ दिवसांत ती स्वतःचं नाव, आईचं नाव, पोशेरा, पाणी, दुखतंय, घरी जायचंय, एवढं लिहायला लागली. शेवटच्या दोन गोष्टी लखीने मागून घेतल्या होत्या. सासरी लागतील म्हणाली.

परतीची वाट

नाशकात आल्यावर काय झालं ते आधी सांगून टाकते. सासूबाईंनी सुनेलाही मुक्यांची विद्या जडली म्हणून आठवडाभर अबोला धरला, आणि मग एके दिवशी यमूला हाताने विचारलं की भूक लागली का. खूण चुकली होती, पण यमूला कळलं. आळीतल्या तीन मुली आता तिच्याशी हातांनी भांडतात. आरसा मी अजून काढते, पण दिवसाआड, आणि तिला हवा असेल तरच. मुंबईच्या मास्तरांना मी सविस्तर लिहिलं. त्यांचं उत्तर आलेलं नाही. दर बाजाराला मोखाड्यातल्या एका लिहित्या दुकानदारामार्फत बुधीची चिठ्ठी यायची असं ठरलंय. आतापर्यंत दोन आल्या.

आम्ही पाड्यावरून निघालो तेव्हा यमू फार रडली. लखीही रडली. मी दोघींच्या मध्ये उभी होते आणि मला अजूनही कुणीतरी माझं काही घेऊन चाललंय असं वाटत होतं. या वेळी कंद मी माझ्याच मांडीवर ठेवले. मोखाड्याच्या पुढे घाट चढू लागल्यावर आम्ही दोघींनी ते खाल्ले. महादू म्हणाला होता ते खरं होतं, गोड होते.

दरी मागे पडत होती. यमू पाय हलवत बसली होती, डोळे सुजलेले, पण माझ्याकडे बघत. विचारू नये हे मला समजत होतं. तरी मी हात उचलले. नाकावर व्रण असलेली ती, आणि मी. मग तळहात उघडून फिरवला. कोण जास्त आवडते?

माझी बोटं अडखळली असावीत, कारण तिने ती धरून एक खूण सुधारली आणि मग प्रश्नावर विचार केला. तिने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. मागे, जिथून आम्ही आलो होतो त्या डोंगराकडे तिने बोट केलं. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून घाईने आणखी काही सांगितलं. तुला अजून नीट येत नाही. येईल. दोन झोपा, तीन झोपा, खूप झोपा.

उत्तर माझ्या विरुद्ध गेलं होतं आणि मला ते लागलं. पण गाडीत आम्ही दोघी आणि पाठमोरा महादू, एवढीच माणसं होतो. यमू काय म्हणाली ते मला कुणाला विचारावं लागलं नाही.